अर्थाचा अनर्थ

फराळाच्या ताटाशी बसून मोटारीच्या तारांची हकीकत सांगणे म्हणजे चिवड्यात खडा टाकण्यासारखे आहे, असे आमच्या सौ.चे मत आहे. पण यंदा आमच्या घरचा धूर दिवाळीच्या दोन महिने आधीच निघाला, आणि तोही जालन्याच्या एमआयडीसीत, धाकट्या बंधूंच्या शेडमध्ये. तेव्हा सांगितल्यावाचून राहवत नाही.

बाबांनी या एमआयडीसीतल्या रोलिंग मिलमध्ये फिटर म्हणून उभी हयात घालवली. सळयांच्या धगीतून घरी येणाऱ्या या माणसाने १९९५ साली एक चैन केली, ती म्हणजे जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. पुढे ती धूर ओकू लागली, पेट्रोलइतकेच तेल पिऊ लागली. तरी बाबा निश्चिंत होते. मुंबईच्या टॅक्स्या आहेत तोवर सुट्या भागांना तोटा नाही, हा त्यांचा सिद्धांत. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सीही गेली. ती बातमी त्यांनी दोनदा वाचली आणि चहा निवू दिला.

त्यावर आमच्या पुतण्याने तोडगा काढला. हा इंजिनिअरिंगला आहे, म्हणजे घरातला कोणताही स्क्रू आता सुरक्षित नाही. भंगारात निघालेल्या २००३ सालच्या मारुती जिप्सीचे १२९८ सीसीचे इंजिन तो घेऊन आला. पद्मिनीचे १०८९ सीसीचे. दोन्ही उभी बसणारी, ताकद मागच्या चाकांना देणारी. बंधूंच्या शेडमध्ये चेन पुली होती, वेल्डिंग होते, आणि बाबांचे हात होते. नवे माउंटिंग केले, प्रोपेलर शाफ्ट कापून तोलून घेतला. आठ दिवसांत इंजिन बसले. “आता काय, चार तारा जोडायच्या!” असे म्हणून बंधूंनी पेढे वाटले. त्या चार तारांना पावणेदोन महिने लागले.

जुन्या पद्मिनीचा कारभार सरळ. किल्ली, कॉइल, डिस्ट्रिब्यूटर, बॅटरी. हातात टेस्ट लँप असला की तासाभरात रोग सापडावा. नव्या इंजिनाला मात्र डोके असते. हवेचा दाब किती, पाणी किती तापले, पेडल किती दाबले, हे सगळे त्या डब्यातल्या संगणकाला तारांवरून कळते, आणि मग इंजेक्टर सेकंदाचा कितवा हजारावा भाग उघडा ठेवायचा ते तो ठरवतो. एक तार चुकली की महाशय रुसले. त्यातून भंगारवाल्याने वायरिंगचा जुडगा कटरने मधोमध कापून दिलेला! रंग विटलेले. पंधरा दिवस पुतण्या मीटर लावून एकेक तार ओळखत होता, आणि आमची भावजय आपल्या वळणदार अक्षरात चिकटपट्टीवर नावे लिहून तारांना गुंडाळत होती. (किल्लीत चिप असलेल्या नव्या गाडीचे इंजिन घेतले असते, तर किल्ली, कुलूप आणि संगणक हे त्रिकूट एकत्रच आणावे लागले असते. नाहीतर संगणक परक्याला ओळखतच नाही.)

बाबांनी एकच अट घातली होती. “जुन्या वायरिंगची एकही तार तोडायची नाही.” म्हणून नवा जुडगा स्वतंत्र, त्याची फ्यूजपेटी स्वतंत्र. पोराला हे दुप्पट काम वाटे. मलाही वाटे, पण मी मराठीचा निवृत्त मास्तर. माझे मत कोण विचारतो!

मग पेट्रोलच्या पंपाचे नाटक. जुना पंप इंजिनच्याच जोरावर चालणारा. याला विजेवर चालणारा, कितीतरी जास्त दाबाचा पंप हवा. तो काही केल्या चालेना. वायरिंगवाले चाचा म्हणाले, “रिले कशाला? किल्लीवरून डायरेक्ट करून टाकतो.” पुतण्याने हात धरला. किल्ली फिरवली की हा पंप दोनेक सेकंद चालतो आणि इंजिन फिरत असल्याची खूण मिळाली तरच पुढे चालू राहतो. डायरेक्ट केला, आणि उद्या कुठे ठोकर बसून इंजिन बंद पडले, तर फुटलेल्या नळीतून पंप पेट्रोल ओततच राहील. चाचांनी मान्य केले. दोष निघाला तो रिलेच्या बुडाशी गंजलेल्या एका पिनेत.

शेवटी तो दिवस आला. भावजयीने कुंकू लावले, बाबांना खुर्ची दिली. पुतण्याने किल्ली फिरवली. स्टार्टर कण्हला, फिरला नाही, आणि ॲक्सिलरेटरच्या केबलमधून धूर निघाला! सगळे मागे सरले. बाबा तेवढे पुढे गेले आणि दहाचा पाना घेऊन त्यांनी बॅटरीचा टर्मिनल काढला. मग कमरेवर हात ठेवून नातवाला विचारले, “अर्थ कुठाय?”

म्हातारपणी बाबांना तत्त्वज्ञान सुचले, असे मला क्षणभर खरेच वाटले.

ते विचारत होते अर्थिंगच्या पट्टीबद्दल. इंजिन रबरावर बसलेले, बॅटरीचा ऋण टर्मिनल बॉडीला. दोहोंमधली विणलेली तांब्याची पट्टी जुन्या इंजिनबरोबर गेली ती गेलीच. स्टार्टरला लागणाऱ्या शंभराहून अधिक अँपिअरना परतीची वाट हवी. त्यांना सापडली ती पेडलची पोलादी केबल. संगणक जळला नाही हे दैव. बाबांनी रंग खरवडून लोखंड चकचकीत केले, जाड पट्टी आवळली, नवी केबल टाकली. दुसऱ्या दिवशी इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले. पुतण्याने बाबांच्या पाया पडून घेतले.

बाबा म्हणाले, “चतुर्थीला राजूरच्या गणपतीला जाऊ.” तेव्हा भावजयीने दोन महिन्यांत कोणालाच न सुचलेला प्रश्न विचारला, “आरटीओला विचारलंत का?”

कोणीच विचारले नव्हते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मी मग वाचून काढले. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाने करायचा नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ते कडकपणे सांगितले आहे. इंजिनसाठी आधी परवानगी हवी, आणि दुसऱ्या कंपनीच्या इंजिनाला ती मिळेल याची खात्री बंधूंच्या ओळखीचा एजंटही देईना. बंधूंनी अर्ज दिला आहे. उत्तर आलेले नाही.

चतुर्थीला आम्ही एस.टी.ने राजूरला गेलो. बाबा खिडकीशी बसले होते आणि वाटेत काही बोलले नाहीत.

शेडच्या कोपऱ्यात जुने इंजिन गोणपाटात गुंडाळून ठेवले आहे. लायनर टाकले तर चालेल, असे बाबा म्हणतात, आणि जुनी वायरिंग तर जशीच्या तशी आहे. दर रविवारी ते तिकडे जातात, गोणपाट सोडतात, दोन थेंब तेल टाकतात आणि धरू नये म्हणून इंजिन हाताने एक फेरा फिरवून ठेवतात.