काम दिले, अधिकाराचे काय?

मार्च जवळ आला की भोसरी-चाकणपासून सातपूर-अंबडपर्यंतच्या छोट्या कारखान्यांत मालकाच्या केबिनबाहेर सह्यांसाठी माणसे ताटकळतात. आत मालक वैतागलेला: ‘सगळं मलाच बघावं लागतं.’ आमचे बरेच वाचक याच खुर्चीत बसतात, म्हणून या अंकाचा विषय आहे काम सोपवणे.

विल्यम ऑन्केन आणि डोनाल्ड वास यांनी १९७४ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये या दुखण्याला माकडाची उपमा दिली. हाताखालचा माणूस अडचण सांगतो, साहेब ‘बघतो मी’ म्हणतात, आणि त्याच्या खांद्यावरचे माकड साहेबांच्या खांद्यावर उडी घेते. मग उलट तोच साहेबांना विचारतो, ‘त्याचं काय झालं?’

माणसे कामचुकार असतात म्हणून हे घडते, असे आम्हाला वाटत नाही. काम दिले जाते, पण खर्चाचा अधिकार तिजोरीतच राहतो. पाच हजारांचे बेअरिंग आणायलाही मालकाची सही लागत असेल, तर मशीन बंद पडल्याचा जाब सुपरवायझरला कसा विचारणार? (आणि दर तासाला व्हॉट्सॲपवर ‘झालं का?’ विचारणे हेही सोपवणे नव्हे.) खर्चाची मर्यादा किती, मुदत कोणती, कोणत्या टप्प्यावर मालकाला कळवायचे, हे आधी ठरवावे लागते. या अंकातले लेख मुख्यतः या तपशिलांत शिरतात. स्वभाव बदलण्याचे उपदेश आम्ही टाळले आहेत.

कोणते काम तुमच्या हातून अजून सुटत नाही, ते कळवा. सुपरवायझर आणि अकाउंटंट मंडळींनीही लिहावे. त्यांची बाजू आम्हाला आधी ऐकायची आहे.