घसरता रुपया आणि केडगावचा कांदा

रुपया घसरला की निर्यातदाराची चांदी होते आणि निर्यातदाराची चांदी झाली की शेतकऱ्याच्याही पदरात चार दाणे पडतात, असे एक सोयीचे अर्थशास्त्र शहरी वृत्तपत्रांच्या व्यापारविषयक पानांवरून नित्य शिकविले जाते. शिरूर आणि दौंड या तालुक्यांचा अनुभव नेमका उलट आहे. येथील शेतकऱ्याने घसरत्या रुपयाची किंमत पुरेपूर मोजली. लाभाची वेळ आली तेव्हा सरकारने बंदराची दारे लावून घेतली.

विनिमय दर हा बँकवाल्यांचा विषय, शेतकरी चळवळीने त्यात पडू नये, असा समज पक्षाच्या कार्यकर्त्यांतही आढळतो. स्वातंत्र्यलढ्याच्या नेत्यांचा तो समज नव्हता. १९२७ साली ब्रिटिश सरकारने रुपयाचा दर एक शिलिंग सहा पेन्स असा कायद्याने बांधला. लंडनला एका पौंडास विकल्या गेलेल्या मालाचे त्या दराने १३ रुपये ५ आणे ४ पै होत. दर एक शिलिंग चार पेन्स असता तर १५ रुपये झाले असते. मधला फरक साम्राज्याच्या धोरणाने गिळला. म्हणूनच १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी मांडलेल्या अकरा मागण्यांत मिठावरील कर आणि शेतसारा यांच्या जोडीला रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्सांवर आणण्याची मागणी होती.

तेव्हा महाग रुपयाने शेतकरी नागवला. मग रुपया स्वस्त झाल्यावर तो सुखी का झाला नाही?

२०२२ च्या आरंभी डॉलरला सुमारे ७४ रुपये पडत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ८३ पडू लागले. ४०० डॉलरला जाणाऱ्या टनभर कांद्याचे २९,६०० ऐवजी ३३,२०० रुपये होतात, म्हणजे किलोमागे ३ रुपये ६० पैसे अधिक. हा झाला कागदावरचा हिशेब. खर्चाचा हिशेब मात्र कागदावर राहिला नाही. पालाश जवळजवळ सर्वच परदेशातून येते. त्याच्या ५० किलोच्या पोत्याने २०२२ मध्ये १७०० रुपयांपर्यंत मजल मारली. नांगरटीपासून बाजार समितीपर्यंतच्या टेम्पोच्या भाड्यापर्यंत सर्वत्र जळणारे डिझेल आयात तेलाचेच. युद्धामुळे जागतिक भाव चढले होते हे खरे; पण चढलेला प्रत्येक डॉलर वाढीव रुपये देऊनच विकत घ्यावा लागला.

आता मिळकतीची बाजू पाहावी. १९ ऑगस्ट २०२३ रोजी केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क बसविले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. हे मूल्य डॉलरमध्ये ठरविण्यातच खरी मेख आहे. चलन स्वस्त झाले की माल परदेशी गिऱ्हाइकाला स्वस्त देता येतो, एवढाच काय तो दुर्बल चलनाचा लाभ. तो या एका आकड्याने मुळातच छाटला गेला. रुपया कितीही गडगडो, कांदा ८०० डॉलरच्या खाली देता येणार नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात पाकिस्तानी रुपया डॉलरला ३०० च्या पार गेलेला होता. आखातातील व्यापाऱ्याने कोणाच्या दारी जावे, हे सांगावयास अर्थतज्ज्ञ नको.

८ डिसेंबरपासून तर निर्यातच बंद झाली, तीही खरिपाचा लाल कांदा बाजारात येत असताना. मित्रराष्ट्रांना सरकारी मार्गाने जाणारे मोजके कोटे तेवढे चालू राहिले. एप्रिल २०२४ मध्ये गुजरातच्या २,००० टन पांढऱ्या कांद्याला परवानगी मिळाली. केडगावच्या आवारातील कांद्याने कोणाचे घोडे मारले होते, ते दिल्लीलाच ठाऊक. बंदी उठली ४ मे रोजी, तीही ५५० डॉलरचा अडसर आणि ४० टक्के शुल्क ठेवून. दौंड ज्या बारामती मतदारसंघात मोडते तेथे ७ मे रोजी मतदान होते. योगायोग म्हणावयाचा!

शिरूर तालुक्यातच रांजणगावची औद्योगिक वसाहत आहे. तेथून मोटारी आणि घरगुती यंत्रे परदेशी जातात. देशात मोटारी महागल्या म्हणून मोटारींची निर्यात रोखल्याचे ऐकिवात नाही. एकाच तालुक्यात रस्त्याच्या अलीकडे एक कायदा आणि पलीकडे दुसरा.

याचा अर्थ निर्यात मोकळी करा म्हणजे सर्व काही आपोआप सुधारेल, असा घेणाऱ्यांनी २०२३ चा फेब्रुवारी-मार्च आठवावा. तेव्हा ना शुल्क होते ना बंदी, रुपयाही ८२ च्या आसपास होता. तरी कांदा किलोला दोन-चार रुपयांवर आला आणि राज्य सरकारला क्विंटलमागे ३५० रुपयांचे अनुदान जाहीर करावे लागले. पाकिस्तानचे चलन आपल्याहून वेगाने कोसळत होते आणि श्रीलंकेसारख्या गिऱ्हाइकाचा रुपया २०२२ मध्येच डॉलरला दोनशेवरून साडेतीनशेवर गेला होता. उसाची कथा याहून निराळी नाही. २०१५ मध्ये ब्राझीलचे चलन घसरले, तेथील कारखान्यांना स्वस्तात विकणे परवडू लागले, साखरेचा जागतिक भाव पडला आणि देशभर उसाची बिले थकली. केंद्राने ६,००० कोटींचे बिनव्याजी कर्ज काढून दिले, ते कारखान्यांना. भीमेकाठच्या ऊसकऱ्याने ब्राझीलचे नाणे कधी हातात धरले नव्हते; पण त्याच्या बिलाची तारीख त्या नाण्याने ठरविली. मुक्त बाजाराचे भक्त या सत्तेला स्वातंत्र्य म्हणतात.

भांडवलशाही युरोपनेही शेतकऱ्याला असे उघड्यावर सोडले नव्हते. १९६९ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सने फ्रँकचे अवमूल्यन केले, ऑक्टोबरात जर्मनीने मार्कचे मूल्य वाढविले. सामाईक बाजारपेठेतील शेतमालाचे भाव एका सामाईक परिमाणात ठरत असल्यामुळे फ्रान्समध्ये अन्न महागले असते आणि जर्मन शेतकऱ्याच्या हाती कमी मार्क पडले असते. दोन्ही सरकारांनी त्यास नकार दिला. शेतमालापुरते वेगळे ‘हरित’ विनिमय दर निघाले आणि सरहद्दीवर फरकाची आकारणी व भरपाई सुरू झाली. १९९२ अखेरपर्यंत ती चालली. ती व्यवस्था निर्दोष नव्हती. बड्या धान्यउत्पादकांनी तिची मलई खाल्ली, भरपाईसाठी मालाची चोरटी ने-आणही झाली. परंतु चलनबाजारातील प्रत्येक झटका थेट गोठ्यापर्यंत जाऊ द्यावयाचा नाही, हे तत्त्व तेथे मान्य झाले. येथे झटका खताच्या दुकानापर्यंत बिनदिक्कत येतो. दिलासा तेवढा बंदरावर अडतो.

कांद्याचा भाव हा बागायतदारांचा प्रश्न, असे म्हणून बाजूला होणाऱ्या कार्यकर्त्यांनी कवठे-मलठणच्या शिवारात एक दिवस काढावा. लागण, खुरपणी, काढणी ही कामे मुख्यतः मजूर स्त्रियांची. भाव कोसळला की पहिली कात्री त्यांच्या रोजाला लागते. शहरातील गरिबाला कांदा स्वस्त मिळाला पाहिजे, यात वाद नाही. त्यासाठी सरकारने २०२३ च्या ऑगस्टमध्ये २,४१० रुपये क्विंटलने खरेदी जाहीर केली, तशी खरेदी हंगामाच्या आरंभीच, तालुक्याच्या आवारात, उत्पादन खर्चाला धरून करावी आणि तो कांदा रेशनवर द्यावा. निर्यातीवर निर्बंध आणावयाचेच असतील तर ते लागणीपूर्वी जाहीर व्हावेत, डॉलरमधील किमान मूल्याची पद्धत कायमची रद्द व्हावी आणि रुपयाच्या घसरणीने वाढणाऱ्या खतखर्चाचा फरक केंद्राने सोसावा.

आणखी एक हिशेब बाकी आहे. कांद्यावरील शुल्क सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. त्यापूर्वीच्या दीड वर्षाहून अधिक काळात या शुल्कापोटी जमा झालेली रक्कम केंद्राच्या तिजोरीत गेली. ती किती, आणि त्यातील किती पैसे कांदा पिकविणाऱ्या तालुक्यांत परत आले, हा प्रश्न प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात आला पाहिजे आणि तेथून तो संसदेपर्यंत नेला पाहिजे.