फळांचे पानक आणि घटकांचा हिशेब

लग्नसराईत खामगाव, मलकापूर, चिखली येथील मंगल कार्यालयांत स्वागत-समारंभ रंगू लागतो तो बहुधा रात्री आठनंतर. पूर्वी प्रवेशद्वाराशी पन्ह्याचे पेले असत. आता तेथे रंगीत बाटल्यांची मांडणी असते आणि वर ‘मॉकटेल’ असा फलक झळकतो. मोहितो, मार्गारीटा, पिना कोलाडा ही सारी नावे मुळात मद्यपेयांची. त्यांतले मद्य वगळले आणि नाव तेवढे ठेवले. घरातील ज्येष्ठ मंडळी नाराजीने पुढे जातात, मुले तेथेच रेंगाळतात, आणि यजमान श्रावकाला दोघांचेही मन सांभाळावे लागते.

नावाचा वाद तसा किरकोळ आहे. १८०६ साली अमेरिकेतील हडसन या गावच्या एका वृत्तपत्राने ‘कॉकटेल’ म्हणजे काय ते छापले, तेव्हा त्यात मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क एवढेच सांगितले होते. फळाचा उल्लेखही नव्हता. उलट फळांच्या पेयांची यादी पाहायची तर श्वेतांबर आगमांतील आचारांग सूत्राचा दुसरा श्रुतस्कंध उघडावा. मुनींच्या आहारचर्येच्या प्रकरणात आंबा, कवठ, महाळुंग, द्राक्ष, डाळिंब, खजूर, नारळ, बोर, आवळा, चिंच यांच्या पानकांचा उल्लेख येतो. तेथे चिंता आहे ती साल आणि बी यांची. पानकात त्यांचे अंश आहेत आणि गृहस्थाने मुनींसाठी म्हणून ते मुद्दाम गाळून पुढे केले, तर ते घेऊ नये असा निर्देश आहे. म्हणजे फळांचे पेय ही आपल्याकडे बाहेरून आलेली चैन नव्हे. मिश्र फळांच्या पेल्याला ‘पानक’ म्हटले तर काही बिघडत नाही, फक्त मुलांना तो शब्द आधी सांगावा लागेल.

खरा प्रश्न बाटलीत काय आहे हा. बिजकातील रुपयाचा फरक चटकन पकडणारी व्यापाऱ्याची नजर बाटलीच्या मागच्या बारीक अक्षरांवर मात्र ठरत नाही. खाद्यनियमांनुसार फळांचे सिरप, स्क्वॅश वा क्रश म्हणून विकल्या जाणाऱ्या मालात फळाचा अंश किमान २५ टक्के लागतो. ‘सिंथेटिक सिरप’ ही जात वेगळी, तिच्यात साखर, रंग आणि वास एवढेच असू शकते. हिरव्या ठिपक्यावर विसंबणेही पुरेसे नाही. कायद्यातील मांसाहाराच्या व्याख्येतून मध वगळलेला आहे. त्यामुळे मधाच्या बाटलीवरही हिरवाच ठिपका असतो. लाल रंगासाठी ‘१६२’ हा क्रमांक दिसला तर तो रंग बीटाचा, म्हणजे जमीनकंदाचा समजावा. सुगंधी अर्कांपैकी अनेक अल्कोहोलमध्ये विरघळवलेले असतात. प्रमाण अत्यल्प असले तरी मद्यत्यागाचा नियम घेतलेल्या घराने ते विचारून घेणे योग्य. या बाटल्या विकणाऱ्या दुकानदारांत समाजबांधवही कमी नाहीत. निदान त्यांनी तरी त्या मागून वाचलेल्या असाव्यात.

दिगंबर परंपरेत आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात मद्य, मांस आणि मधु यांचा त्याग मूलगुणांत मोजला आहे. श्वेतांबर परंपरेत हीच तिन्ही लोण्यासह महाविगयींत येतात. परंतु मद्य कोठे सुरू होते, याचा विचार स्वयंपाकघरात क्वचितच होतो. फळांच्या सालीवर सूक्ष्म यीस्ट निसर्गतःच असते. पिळलेला रस घाटाखालच्या उन्हात, नांदुरा-मलकापूरच्या एप्रिलमधल्या चाळीस अंशांच्या पुढच्या तापमानात, झाकून ठेवला तर ते त्यातील साखर खाऊ लागते आणि साखरेचे अल्कोहोल व वायू बनू लागतात. बाटली फुगते, झाकण उघडताच फसफस होते, आंबूस वास येतो. शास्त्रकार यालाच चलित रस म्हणतात. रस आणि मद्य यांच्यामध्ये पुष्कळदा फक्त काही तासांचे अंतर असते. कारखान्यातील बाटली हे अंतर दाट साखरेने आणि परिरक्षकांनी वाढवते. घरी ते घड्याळाकडे पाहूनच सांभाळावे लागते.

हे घड्याळ दोन्ही टोकांनी चालते. अनेक व्रती बी वेगळे केलेले फळ दोन घटका, म्हणजे ४८ मिनिटे उलटल्यावरच अचित्त मानतात. म्हणून अगदी ताजा रसही त्यांना चालत नाही, आणि शिळा तर नाहीच. त्यात चौविहार. मार्चअखेर जिल्ह्यात सूर्यास्त साडेसहाच्या सुमारास होतो. तेव्हा पावणेपाचला फळे सोलायला बसावे, सव्वापाचपर्यंत रस काढून व्हावा आणि सहा-सव्वासहाला पेले पुढे यावेत.

त्या दिवसांत जळगाव जामोद आणि संग्रामपूरकडची मृग बहाराची संत्री बाजारात असतात. चार पेल्यांसाठी मध्यम आकाराची आठ-दहा संत्री आणि दोन डाळिंबे पुरतात. संत्र्याच्या फोडींचा पांढरा पापुद्रा व बिया काढून गर हाताने किंवा पुरणयंत्रात हलकेच दाबावा. मिक्सर वापरू नये. बी आणि पापुद्रा चिरडले गेले की रस ठेवल्यावर हळूहळू कडू होतो. हा कडूपणा रसातल्या आंबटपणामुळे मागाहून तयार होतो, म्हणून पिळताना जिभेला कळत नाही. डाळिंबाचे दाणेही पातळ स्वच्छ फडक्यात पिळावेत, अन्यथा तुरटपणा उतरतो. डाळिंबाच्या रसात खडीसाखरेची पूड चार मोठे चमचे आणि सुंठ पाव चमचा विरघळवावी. ओले आले जमीनकंद. सुंठेला अनेक घरांत हरकत नसते. संत्र्याच्या रसात चिमूटभर सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड घालावी, साखर घालू नये. पितळी भांडे टाळावे. काच किंवा स्टील बरे.

दोन घटका झाल्या की पेल्याच्या तळाशी डाळिंबाचा रस ओतावा आणि त्यावर चमच्याच्या पाठीवरून संत्र्याचा रस अगदी सावकाश सोडावा. साखरेने जड झालेला लाल रस खाली राहतो, केशरी वर तरंगतो. समारंभातील ज्या दुरंगी पेल्यासमोर मुले थांबतात, त्याचे सारे रहस्य एवढेच आहे. बर्फ अभक्ष्य मानणाऱ्या घरात रसाचे भांडे ओल्या फडक्याने गुंडाळून माठाशेजारी, वाऱ्यावर ठेवावे. तोंड झाकलेले असावे. पाणी घालायचेच असेल तर गाळून उकळून गार केलेले. पुदिन्याचे पान वर खोचण्याचा मोह होतो, परंतु फाल्गुनी चौमासीपासून पालेभाजी सोडणाऱ्या घरी ते चालणार नाही. तेथे डाळिंबाचे चार दाणे पुरेत.

वैशाखात संत्री संपली की कैरी आहेच. कैरी उकडून गर गाळावा, गूळ व वेलची घालावी. उकडल्यामुळे तो कच्च्या रसाहून थोडा अधिक टिकतो, तरी दुसऱ्या दिवसावर टाकू नये. पिकलेल्या आंब्याचे पानक मात्र त्याआधीच उरकावे लागते. २२ जूनच्या सुमारास आर्द्रा नक्षत्र लागले की अनेक श्वेतांबर घरांतून आंबा निरोप घेतो.