बांधावरून : कुरळे केस सरळ करावेत का?

वाचकहो, या सदरात आपण बी-बियाणे, खते, फवारणी यांविषयी बोलतो. आजचा विषय थोडा निराळा आहे. पण तोही औषधाचाच, म्हणून माझ्या वाट्याला आला.

मागच्या मार्गशीर्षात मंगळवेढ्याजवळच्या एका गावी ज्वारीची पाहणी करून एका घरी चहाला टेकलो. घरच्या वहिनी म्हणाल्या, "साहेब, तुम्ही औषधांचं शिकलाय, म्हणून विचारते. पोरीचं लग्न माघात धरलंय. पाहुणे म्हणाले, पोरगी पसंत आहे, केस तेवढे सरळ असते तर फोटोत बरं दिसलं असतं. पार्लरवाली साडेचार हजार सांगतीय. करावं का?"

मुलगी दाराआड उभी होती. दाट, कुरळे केस. ती काही बोलली नाही.

मीही लगेच उत्तर दिले नाही. कारण हीच चूक माझ्या घरी होऊन गेली होती. माझी मुलगी कॉलेजात असताना तिने केस सरळ करून घेतले. पैसे मी दिले. बाटलीवरचा कागद वाचल्याशिवाय औषध वापरू नका, असे शेतकऱ्यांना जन्मभर सांगणारा मी. पण त्या दिवशी पोरीच्या डोक्याला काय लावणार, एवढेही विचारले नाही. टाळूची आग झाली, खपल्या धरल्या, पुढचे केस मधोमध तुटले. आणि चार महिन्यांत मुळाशी पुन्हा कुरळे केस दिसू लागले. वर कुरळे, खाली सरळ!

असे का झाले? केसाचे वळण त्वचेच्या आतल्या मुळात ठरते. मालदांडीच्या ताटावर काहीही फवारा, पुढच्या पेरणीला कणीस मालदांडीचेच येणार. केसाचेही तसेच. औषध लागते ते बाहेर आलेल्या केसाला. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि नवा येतो तो मूळच्या वळणाचाच. म्हणजे खर्च एकदाचा नव्हे; दर काही महिन्यांनी पुन्हा तेच.

आता औषधे पाहू. केस केराटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो आणि त्याचा आकार गंधकाच्या सांध्यांनी टिकून राहतो. रिबाँडिंगमध्ये बहुधा थायोग्लायकोलेट वापरतात. ते हे सांधे तोडते. मग केस सरळ ताणून दुसऱ्या औषधाने सांधे पुन्हा जोडतात. अंगावरचे केस काढायच्या मलमातही याच जातीचे द्रव्य असते. तेव्हा वेळ चुकली तर केस का तुटतात, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा प्रकार 'केराटिन' या गोड नावाने चालतो. त्यातल्या अनेक औषधांत फॉर्मॅल्डिहाइड असते किंवा गरम इस्त्री फिरवताना ते वायुरूपाने बाहेर पडते. कोंबड्यांचे खुराडे निर्जंतुक करायला आपण फॉर्मालिन वापरतो ना, तेच हे. त्याने डोळे कसे चुरचुरतात, हे कुक्कुटपालन करणाऱ्यांना ठाऊक आहे. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या द्रव्यांत घातले.

मग "आमच्यात फॉर्मालिन नाही" असे सांगत ग्लायऑक्सिलिक आम्लाची औषधे आली. मार्च २०२४ मध्ये फ्रान्समधील डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकिकत प्रसिद्ध केली. २०२०, २०२१ आणि २०२२ असे तीन वेळा तिने केस सरळ केले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. उलट्या, ताप, पाठदुखी. त्या मलमात हे आम्ल होते. उंदरांवर ते मलम लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक आढळले. आपल्याकडच्या मुतखड्यातही बहुधा हेच ऑक्झलेट असते. इस्रायलमध्येही २०१९ ते २०२२ या काळात केस सरळ केल्यानंतर मूत्रपिंड बिघडलेल्या २६ स्त्रियांची नोंद झाली. तिघींना काही काळ डायलिसिसवर ठेवावे लागले.

अमेरिकेत सुमारे ३४ हजार स्त्रियांवर जवळजवळ ११ वर्षे लक्ष ठेवून २०२२ साली निष्कर्ष छापले. अशी औषधे कधीच न वापरणाऱ्या शंभर स्त्रियांत सत्तराव्या वर्षापर्यंत दोघींहून कमी जणींना गर्भाशयाचा कर्करोग होईल, तर वारंवार वापरणाऱ्यांत सुमारे चौघींना, असा अंदाज निघाला. औषधानेच तो होतो, हे यावरून सिद्ध होत नाही. एकदा केले म्हणून घाबरूनही जाऊ नये. पण वारंवार करणारीने विचार करावा, एवढे मात्र खरे.

तरीही करायचेच असेल, तर फवारणीचे नियम इथेही लागू करा. बाटली हातात घेऊन घटक वाचा. दाखवत नसतील तर उठून या. सगळ्या रानावर मारण्याआधी एका सरीवर पाहतो, तसे आधी कानामागे आणि एका बटेवर लावून दोन दिवस थांबा. खोली हवेशीर हवी. टाळूला जखम किंवा ओरखडा असेल, गरोदरपण असेल, मूल अंगावर पीत असेल, तर करू नका. लग्नाच्या आदल्या आठवड्यात तर नकोच. बिघडले तर सावरायला वेळ उरत नाही. आणि नंतर उलट्या, पाठदुखी, लघवी कमी होणे असे काही दिसले, तर थेट सोलापूरच्या सर्वोपचार रुग्णालयात जा आणि केसांना औषध लावल्याचे डॉक्टरांना आपणहून सांगा. ते विचारतीलच असे नाही.

बिनखर्चाचा उपायही आहे. आपल्याकडचे बोअरचे पाणी जड. साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात. पाणी उकळून, निवळून घेतले तर जडपणा काहीसा कमी होतो. न्हाण्याआधी खोबरेल लावावे. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवले, की खोबरेलाने केसातले प्रथिन कमी झडते. सूर्यफुलाच्या तेलाने तसे होत नाही. कंपनी खोबरेलच विकते, हे लक्षात ठेवूनही सांगतो, की घरचा अनुभव तसाच आहे. कुरळे केस कोरडे असताना विंचरू नयेत. थोडे ओलसर असताना रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर वर सोडवत जावे.

एवढे सांगून झाल्यावर दाराआडून प्रश्न आला, "काका, तुमची मुलगी आता काय करते?"

"कुरळेच ठेवते," मी म्हणालो. "पण बाळ, ते तिने ठरवलं. तुझे केस, तूच ठरव. पाहुण्यांनी नाही, मीही नाही."

तिने माझ्याकडून औषधांची नावे कागदावर लिहून घेतली. पुढच्या फेरीत वहिनी भेटल्या. पोरगी तो कागद घेऊन पार्लरात गेली होती. बाटलीवरचे लेबल फाटलेले होते. ती तशीच परत आली.

माघात लग्नाला गेलो. कुरळ्या केसांचा भला मोठा अंबाडा, त्यावर मोगऱ्याचा गजरा. साडेचार हजारांतून तिने शिवणयंत्राची मोटार घेतली, असे वहिनींनी पंगतीत वाढता वाढता सांगितले.