खरे, खोटे आणि ओल

मागल्या अखाजीला आमच्या घरी वाद झाला. निमित्त भेंडवळचे. बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद तालुक्यातल्या या गावी अक्षय्यतृतीयेच्या संध्याकाळी शेतात घटमांडणी होते. भोवती धान्ये, मध्ये पाण्याची घागर आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे. दुसऱ्या दिवशी पहाटे ती पाहून पीकपाण्याचे भाकीत सांगतात. आपल्या खानदेशातही ते कान देऊन ऐकले जाते.

कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच. ‘हे थोतांड आहे,’ असे ठणकावून सांगितले. आबा म्हणाले, “मी खरं म्हणत नाही, खोटंही म्हणत नाही. आपण ओल पाहून पेरू.” मला ते बोटचेपे वाटले.

यंदा तत्त्वज्ञानाच्या तासाला ग्रीक संशयवाद्यांची ओळख झाली आणि मी चपापलो. शिकंदराच्या स्वारीबरोबर हिंदुस्थानात येऊन गेलेला पिऱ्हो हा त्यांचा आद्य पुरुष. दोन्ही बाजू तुल्यबळ असतील तर निर्णय राखून ठेवावा, असे ही मंडळी म्हणत. मग जगायचे कसे, असा विरोधकांचा प्रश्न. सेक्स्टस एम्पिरिकस या वैद्याने उत्तर दिले की, जे दिसते-जाणवते त्याप्रमाणे चालावे. ज्योतिष्यांविरुद्ध त्याने स्वतंत्र प्रबंध लिहिला. पण शेती व नौकानयनाप्रमाणे, दिसणाऱ्या गोष्टींच्या निरीक्षणावरून अवर्षण-पाऊस ताडण्याची विद्या त्याने आरंभीच टीकेतून वगळली.

वीतभर ओल गेल्याशिवाय बियाण्याची थैली न फोडणारे आबा याच पंक्तीतले! तीन वर्षांपूर्वी पहिल्याच सरीवर शिवारात धांदल उडाली आणि कितीकांवर दुबार पेरणी आली. उसनवारीने आणलेली आमची थैली मात्र घरात शाबूत होती.

तरीही माझे एक भांडण शिल्लक आहे. पडताळा शक्य असताना ‘माहीत नाही’ म्हणत जन्मभर बसणे हा निव्वळ आळस होय. २००८ साली जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या सरमिसळ केलेल्या पत्रिका, प्रत्येकी चाळीस, २७ ज्योतिष्यांनी तपासल्या. बरोबर उत्तरे निघाली सुमारे ४६ टक्के. नाणे उडवूनही तेवढी निघालीच असती! तिथे आता निर्णय राखून ठेवण्यात काय अर्थ?

भेंडवळचाही असाच पडताळा घ्यावा. येत्या अखाजीला भाकीत वहीत उतरवीन आणि सप्टेंबरअखेर तालुक्याच्या पर्जन्यमापकाशी ताडून पाहीन, असे आबांना सांगितले. ते हसले. “भाऊ, भडगावला पडतो तो आपल्या वावरात पडतोच का?”

खरेच की. तेव्हा मापाच्या खुणा केलेला एक डबा मी बांधावर ठेवणार आहे.