डॉक्टरांचं अक्षर सुधारेल, पण चिठ्ठी तुम्हाला समजेल का?

ऑगस्ट २०२५ मध्ये पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात जामिनाचं एक प्रकरण चालू होतं. त्यातला डॉक्टरांनी हाताने लिहिलेला तपासणी अहवाल न्यायमूर्तींसमोर आला आणि त्यातला एक शब्दही त्यांना लागेना. वाचता येईल अशी चिठ्ठी मिळणं हा रुग्णाच्या आरोग्याच्या हक्काचाच भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. चिठ्ठ्या संगणकावर येईपर्यंत डॉक्टरांनी मोठ्या, सुट्या इंग्रजी अक्षरांत लिहावं, असाही आदेश दिला. तो आदेश पुण्याला लागू नाही. पण आपल्याकडे २०१६ पासून नियम आहेच: औषधाचं जेनेरिक नाव लिहावं, सुवाच्य लिहावं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत.

हा नुसता शुद्धलेखनाचा प्रश्न नाही. इंग्लंडमध्ये एका डॉक्टरांनी अमॉक्सिल हे अँटिबायोटिक लिहिलं होतं. औषधविक्रेत्याने ते डाओनिल असं वाचलं. डाओनिल ही मधुमेहाची गोळी. रुग्णाला मधुमेह नव्हता. त्याची साखर इतकी उतरली की मेंदूला कायमची इजा झाली. १९८९ मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने बहुतेक दोष विक्रेत्याचा धरला, पण चौथा हिस्सा डॉक्टरांच्या अक्षरावर टाकला.

अक्षर सुधारायलाच हवं. माझंही. पण दवाखान्यात रोज बसून मला दिसतं ते वेगळंच आहे. चिठ्ठी छापील असते, प्रत्येक अक्षर लखलखीत असतं, तरीही घरी गोळी चुकीची घेतली जाते. कारण अक्षर लागलं तरी भाषा लागत नाही.

ओडी, बीडी, टीडीएस, एचएस ही अक्षरं खरं तर इंग्रजीही नाहीत, लॅटिन आहेत. आमच्याकडे ओडी म्हणजे दिवसातून एकदा. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तेच ओडी म्हणजे उजवा डोळा. बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. एसओएस म्हणजे गरज वाटली तर. माझ्याकडच्या एका आजींनी गुडघेदुखीची गोळी आठवडाभर घेतलीच नाही, कारण नातवाने त्यांना सांगितलं होतं की एसओएस म्हणजे जीव धोक्यात असतानाचा संदेश. नातवाचं काय चुकलं? सिनेमात तोच अर्थ असतो.

आजींना फक्त दुखणं सोसावं लागलं. मेथोट्रेक्सेटच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. संधिवातासाठी ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती रोज घेतली गेल्याने जगभरात माणसं दगावली आहेत. या गोळीपुढे ‘फक्त रविवारी’ असं तुमच्या भाषेत लिहिलेलं असलंच पाहिजे. नसेल तर लिहून मागा.

मग सगळी चिठ्ठीच मराठीत का नको? २०२२ मध्ये भोपाळला एमबीबीएसची हिंदी पुस्तकं प्रकाशित झाली, तेव्हा तिथल्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी वर ‘श्री हरि’ लिहून खाली औषधाचं नाव हिंदीत लिहायला काय हरकत आहे, असं विचारलं होतं. मला यात गल्लत वाटते. औषधाचं नाव केमिस्टसाठी आणि पुढच्या डॉक्टरांसाठी असतं, ते इंग्रजी लिपीतच राहू द्यावं. सूचना तुमच्यासाठी असतात, त्या मराठीत हव्यात.

मुलांकडे परदेशी राहायला जाणाऱ्या पुण्यातल्या आईवडिलांना मी हे नेहमी सांगतो. समजा, मुलगी ऑस्लोला आहे. नॉर्वेत चिठ्ठीला ‘रेसेप्ट’ म्हणतात. आपल्याकडची क्रोसिन किंवा डोलो तिथे कोणी ओळखणार नाही, पण पॅरासिटामॉल हे जेनेरिक नाव तिथेही तेच आहे. (अमेरिकेत मात्र त्यालाच असिटामिनोफेन म्हणतात.) घ्यायची कशी, ते मात्र तिथे नॉर्वेजियनमध्ये असतं. औषधाच्या खोक्यावर रुग्णाच्या नावाची चिकटपट्टी लागते, तिच्यावर ‘तू गांगर दाग्ली’, म्हणजे रोज दोन वेळा, असं सरळ वाक्य असतं आणि औषध कशासाठी आहे तेही. आपल्याकडे काय होतं? मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापतो, पेनने दोन रेघा मारतो आणि कापलेल्या तुकड्यावर कधी नाव राहतं, कधी मुदतीची तारीख.

मराठीत लिहिलं की झालं, असंही नाही. थायरॉईडची गोळी ‘उपाशीपोटी’ असं मी कित्येक वर्षं लिहीत होतो. एका ताईंचं थायरॉईड काही केल्या आटोक्यात येईना, म्हणून खोदून विचारलं तर त्या गोळी सकाळच्या चहाबरोबरच घेत होत्या. चहा म्हणजे काय खाणं आहे का डॉक्टर, असं त्यांनी मलाच विचारलं. आता मी लिहितो: ‘उठल्यावर फक्त पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नको.’

‘जेवणाआधी’चंही तसंच. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी न्याहारीआधी घ्यायची ठरलेली असते आणि नेमकी त्या दिवशी संकष्टी असते. गोळी पोटात जाते, जेवण थेट चंद्रोदयानंतर. दुपारी घाम फुटतो, हातपाय थरथरतात. हे लक्षात आलं तर लगेच साखर किंवा गूळ तोंडात टाका, उपास मोडला तरी चालेल. तुम्ही उपास करता हे डॉक्टरांना आधीच सांगा आणि त्या दिवशी गोळीचं काय करायचं, ते चिठ्ठीवरच लिहून घ्या. आपल्या मनाने गोळी बंद करू नका.

पुढच्या वेळी दवाखान्यातून उठण्याआधी चिठ्ठी डॉक्टरांसमोर धरा आणि प्रत्येक गोळी कशासाठी, केव्हा आणि किती दिवस, हे तुमच्या शब्दांत त्यांना म्हणून दाखवा. जिथे अडाल तिथे तेच वाक्य मराठीत लिहायला सांगा. बाहेर गर्दी असेल, डॉक्टर घड्याळाकडे बघतील, मीही बघतो. तरी विचारा. त्यांना लिहायला जमलं नाही तर पेन मागून घ्या आणि त्यांच्यासमोरच गोळीच्या नावाशेजारी तुम्ही लिहा: ‘बीपीची, सकाळी एक, रोज.’