दोन पाट्या

मुलांनो, आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात ‘पाटी’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक पाटी अक्षरे गिरवण्याची. दुसरी शेण, माती किंवा कांदे वाहून नेण्याची. मुलाच्या हाती यांपैकी कोणती द्यावी, हा प्रश्न कित्येक घरांत आजही दरवर्षी पडतो. आईबाप अडाणी असतात, म्हणूनच ते मुलांना कामाला जुंपतात, असे पुष्कळ लोक सहज बोलून जातात. मुख्याध्यापकाच्या खुर्चीवर बसून मीही तसेच बोलत असे. आज मला ते मत खरे वाटत नाही.

प्रथम हा मुलूख पाहा. पश्चिमेस भीमाशंकर, आहुपे, नाणेघाट असा सह्याद्रीचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथे पाऊस मुसळधार पडतो. परंतु जमीन उताराची, आणि भाताचे एक पीक निघाले की खाचरे रिकामी होतात. कुकडी व घोड या नद्यांवर धरणे झाली, पण त्यांच्या पाण्याचा लाभ मुख्यतः पूर्वेकडील सपाट शेतांना मिळाला. म्हणून नारायणगाव-मंचरच्या बाजूस ऊस, टोमॅटो, द्राक्षे व कांदा पिकतो, आणि डोंगरातील आदिवासी कुटुंबे मजुरीसाठी तिकडे उतरतात. पावसाळ्यात भाताची आवणी असते. उन्हाळ्याच्या तोंडाशी बाळहिरडा वेचून, वाळवून विकायचा असतो. यांपैकी कोणताही हंगाम शाळेचे वेळापत्रक पाहून येत नाही. ऊसतोडीसाठी बीड-अहिल्यानगरकडून येणाऱ्या टोळ्यांची स्थिती तर याहून बिकट. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्यांना माघारी जाता येत नाही. मूल गावी ठेवावे, तर त्याला भाकरी कोण घालणार?

एकदा कांदेकाढणीच्या दिवसांत सहावीतील एक हुशार मुलगी वर्गात दिसेनाशी झाली. मी रागानेच तिच्या झोपडीपाशी गेलो. ती तान्ह्या भावाला झोळीत झोके देत बसली होती. तिची आई कामावरून आली, माझे बोलणे तिने मुकाट्याने ऐकून घेतले आणि म्हणाली, “गुर्जी, पोरीला उद्याच साळंत धाडते. पण ह्या तान्ह्याकडं कोण बघंल? म्या घरी बसले तर रोज बुडतो, आन् रोज बुडल्यावर खायाचं काय?”

मजजवळ उत्तर नव्हते. त्या मुलीला कोणी एक पैसाही देत नव्हते. तरीही ती झोळीपाशी बसे, म्हणूनच आईला मजुरी मिळे. अशा मुलीला कोणी ‘बालकामगार’ म्हणत नाही. शाळेत फी नाही, पुस्तके मिळतात, दुपारी जेवण मिळते, आणि हे सारे मोलाचे आहे. परंतु त्या घराला मुलीच्या शाळेची किंमत आईच्या रोजाएवढी पडत होती.

महात्मा जोतीराव फुले यांनी हा हिशेब फार पूर्वी ओळखला होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी बाराव्या वर्षापर्यंतचे शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी केली. मात्र गरिबांना गुरे राखण्यासाठी व शेत सांभाळण्यासाठी मुले लागतात, हेही त्यांनी तेथेच सांगितले आणि शिष्यवृत्त्या व बक्षिसे देण्याचे सुचवले. आज सक्ती कायद्यात आली आहे. १ एप्रिल २०१० पासून ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला शिक्षणाचा हक्क आहे. २०१६ च्या दुरुस्तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवता येत नाही. घरच्या कामात मदत चालते, पण ती शाळा सुटल्यावर किंवा सुट्टीत. आवणीच्या दिवशी बांधावर घड्याळ कोण पाहतो?

मग आईबापांचे काहीच चुकत नाही काय? चुकते. एका मुलाला घरी ठेवायचे झाले, की बहुधा मुलीलाच ठेवतात. याचे खापर मी गरिबीवर फोडू देणार नाही. कोवळे हात स्वस्त मिळतात म्हणून त्यांना कामावर लावणाऱ्या बागायतदाराला तर गरिबीची सबबही नाही. पण दहावी झालेला शेजारचा मुलगा पुन्हा मजुरांच्या अड्ड्यावर उभा दिसतो, तेव्हा “शिकून काय मिळाले?” हा बापाचा प्रश्न आपण कोणत्या तोंडाने खोडून काढावा? मला वाटते, कांद्याच्या शेताजवळ एखादे पाळणाघर आणि हंगामापुरते वसतिगृह असेल, तर माझ्यासारख्या दहा मुख्याध्यापकांच्या उपदेशापेक्षा त्याचा अधिक उपयोग होईल.

त्या सायंकाळी मी त्या आईला एवढेच म्हणालो, “बाई, तान्ह्यालाही शाळेत धाडा.” दुसऱ्या दिवशी मुलगी भावाला कडेवर घेऊन आली. तो मध्येच रडे, वर्ग हसे, आणि काही शिक्षकांना हे मुळीच रुचले नाही. कांद्याची काढणी संपेपर्यंत वर्गाच्या मागच्या खिडकीला एक झोळी टांगलेली असे. जूनमध्ये ती मुलगी सातवीत बसली.